तळमजल्याची खोली

आईला मी अमेरिकेत बोलावलं ते तिची आठवण येत होती म्हणून नव्हे. आम्हा दोघांना दहा दिवस ग्रीसला जायचं होतं आणि मुलींपाशी कुणीतरी हवं होतं. हे आज मी सरळ लिहिते आहे. तेव्हा स्वतःशीसुद्धा असं बोलले नव्हते. फोनवर मी तिला म्हणाले होते, "ये गं, किती वर्षं झाली, मुली आठवण काढतात." मुली काही आठवण वगैरे काढत नव्हत्या. मोठी अकरा वर्षांची, धाकटी सहा. त्यांच्या लेखी आजी म्हणजे फोनवर कपाळापासून वरचा भाग दाखवणारी एक बाई.

आम्ही ओहायोतल्या डब्लिनला राहतो. मी एका इन्शुरन्स कंपनीच्या आयटी विभागात आहे. सिस्टिम बंद पडली की पहिला फोन मला येतो, आणि सिस्टिमला माझं काय वाकडं आहे कोण जाणे, ती बरोबर मी भाजी फोडणीला टाकली की बंद पडते. फोन ठेवला की मुली सुरू. मुली झोपल्या की मंडळाच्या ग्रुपवर गणपतीच्या मखराची चर्चा. नवरा स्वभावाने गरीब. त्यामुळे घरातला प्रत्येक निर्णय 'तू ठरव' म्हणून माझ्याच अंगावर येऊन पडतो. लोक म्हणतात, किती गुणी नवरा मिळालाय. मिळालाय ना. कधीतरी त्याने एखादी गोष्ट वाईट का होईना पण स्वतः ठरवावी म्हणून मी वर्षानुवर्षं वाट बघते आहे.

तर अशात मी कुठेतरी त्या ग्रीक बेटाबद्दल वाचलं. समुद्रकाठी चाळीसेक घरांचं गाव, एक खानावळ, एक पांढरं चर्च, गोट्यांचा किनारा, दिवसातून दोनदा बस. करण्यासारखं काहीही नाही, असं लिहिणाऱ्याने तक्रारीच्या सुरात लिहिलं होतं. मी तो मजकूर तीनदा वाचला. तिथे मला कुणी काही विचारणार नाही. कुणी मला ओळखतच नसेल. त्या एका विचाराने माझा जीव इतका हलका झाला की मी जेवणाच्या टेबलापाशी बसल्या बसल्या रडले. नवरा म्हणाला, "मग जाऊ या ना. तू ठरव."

एप्रिलमध्ये मुलींना एका मैत्रिणीकडे ठेवून आम्ही सहा तास ड्राइव्ह करून व्हिसासाठी बोटांचे ठसे देऊन आलो. ग्रीन कार्ड असलं तरी पासपोर्ट अजून भारतीयच, त्यामुळे युरोपात पाऊल टाकायचं तर शिक्का लागतो. त्या सेंटरच्या भिंतीवर एक सूचना लावली होती: अमेरिकेत फिरायला आलेल्या परदेशी पाहुण्यांना इथून अर्ज करता येणार नाही, त्यांनी आपापल्या देशातून करावा. आई महिन्याभरात यायची होती. ती अजून बार्शीतच होती. सूचना वाचली आणि मला बरं वाटलं. छातीवरचा दगड उतरल्यासारखं बरं वाटलं. परतीच्या वाटेवर गाडीतूनच मी आईला फोन लावला आणि आणायच्या सामानाची यादी सांगितली. शेंगांची चटणी, गोडा मसाला, ज्वारीचं पीठ, कडक भाकरी. ती लिहून घेत होती. "अजून काही?" असं तिने दोनदा विचारलं. मी म्हटलं, "नाही, एवढंच."

आई बार्शीच्या मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवत होती. बाबा गेल्यापासून एकटीच राहते आणि एकटीने राहणाऱ्या माणसांना येते तशी एक मिजास तिच्यात आली आहे. ती मुळात नव्हती असंही नाही. आल्या दिवसापासून आमची जुंपली. डिशवॉशरवर तिचा विश्वास नाही. ती भांडी हाताने घासायची, मग मशीनमध्ये लावायची आणि मशीन चालू न करता निथळायला ठेवायची. फ्रीजरमध्ये मी पोळ्या तारीख लिहून ठेवते, त्या बघून म्हणाली, "शिळं खाता ते खाता, वर तारीख घालून खाता." मुली इंग्रजीत उत्तर द्यायच्या तेव्हा ती त्यांना काही बोलायची नाही, माझ्याकडे बघायची. बघण्यात एकतीस वर्षांचा सराव होता.

पण रात्रीची जेवणं आटोपली, मी लॅपटॉप उघडून टेबलाशी बसले, की ती शेजारची खुर्ची ओढायची. ग्रीस म्हटल्यावर तिचा आवाजच बदलायचा. पहिल्याच दिवशी तिने सुपरमार्केटच्या जाहिरातीचा कागद उलटा केला आणि पेन न उचलता ग्रीसचा नकाशा काढला. बोटांसारखी खाली लोंबणारी टोकं, मग बेटांचे ठिपके, एकेक करून, नावांसकट. मोठी मुलगी हातातला टॅब ठेवून बघत राहिली.

"याला दंतुर किनारा म्हणायचं," आई तिला म्हणाली. "दात असल्यासारखा. जितके दात जास्त, तितकी बंदरं जास्त."

"लाइक अ ब्रोकन कुकी," मुलगी म्हणाली.

"हां, तसंच," आई म्हणाली. 'कुकी' तिला कळलं की नाही, देव जाणे.

एकतीस वर्षं तिने भूमध्य सागरी हवामान शिकवलं होतं. कोरडा उन्हाळा, हिवाळ्यात पाऊस. ऑलिव्ह, द्राक्षं, अंजीर. तिच्या विद्यार्थिनींना ते झोपेतसुद्धा पाठ असायचं. मलाही होतं, मी तिच्याच वर्गात होते आणि बाकीच्यांपेक्षा दोन छड्या जास्तच खाल्ल्या होत्या. स्वतः तिने मात्र समुद्र एकदाच पाहिला होता, शाळेची सहल कोकणात गेली तेव्हा. तेही पाहिला म्हणायचा. चाळीस मुली पाण्यात, आणि ती समुद्राकडे पाठ करून सारखी डोकी मोजत उभी. ही गोष्ट ती नेहमी हसत हसत सांगायची.

मी निवडलेलं गाव तिला पसंत पडलं नाही. "हे उत्तरेच्या अंगाला आहे," ती म्हणाली. "जुलैत तिथे उत्तरेकडून वारा सुटतो. दहा दिवस कानात वारा भरून घ्यायचा का?" मी म्हटलं, आई, लोक जातात तिथे. ती म्हणाली, लोक काय, कुठेही जातात. दुसऱ्या दिवशी नातीला बरोबर घेऊन ती चालत लायब्ररीत गेली आणि पाटासारखा मोठा ॲटलास घेऊन आली. मी चरफडत इंटरनेटवर शोधलं. त्या गावाबद्दल लोकांनी लिहिलंच होतं: छत्र्या उडतात, धूळ डोळ्यांत जाते, रात्रभर खिडक्या वाजतात. आईने बेटाच्या दक्षिणेला, डोंगराच्या आडोशाला एक छोटंसं गाव शोधून काढलं. ॲटलासमध्ये त्याला नावसुद्धा नव्हतं. नुसतं वळण होतं. "इथे पाणी शांत असणार," ती वळणावर बोट ठेवून म्हणाली. तिथे खरोखरच गाव निघालं, आणि गावात खोल्या भाड्याने देणारी एक म्हातारी बाईही निघाली. मी आधीचं बुकिंग कॅन्सल केलं आणि हिची वरची खोली घेतली.

"आईंनी काय शोधलंय यार," नवरा म्हणाला. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो कचरा बाहेर टाकायला निघून गेला.

आता कुणी विचारेल, तुला कळत कसं नव्हतं? कळत होतं. आई रबरी तळाचे बूट घ्यायला दुकानात घेऊन चल म्हणाली तेव्हा कळत होतं. "तिथे आपल्याला काही शाकाहारी मिळेल का गं?" असं तिने विचारलं आणि मी स्क्रीनवरून नजर न काढता "मिळेल" म्हणाले, तेव्हाही कळत होतं. आमच्या घरी कधी कुणी कुणाला 'तू येणार का' म्हणून विचारलं नाही. तुळजापूरला जायचं असलं की बाबा नुसतं म्हणायचे, सहाला गाडी येईल. घरात जेवढी माणसं तेवढी निघायची. आईने मला विचारलं नाही याचं कारण एवढंच. आणि मी तिला सांगितलं नाही, कारण रोज रात्री ती एवढी उपयोगी पडत होती. बसचं वेळापत्रक, बोटीचं वेळापत्रक, कुठल्या बंदराहून निघालं तर अर्धा दिवस वाचतो, सगळं तीच काढून देत होती. तिने त्यासाठी एक फाइल केली होती, शाळेत सहलीची करायची तशी, वर मार्करने नाव घालून.

जूनच्या अखेरीस एकदा ती फाइल उघडली तर आत एका लिफाफ्यात तिचे दोन पासपोर्ट साइझ फोटो होते. नातीला घेऊन औषधांच्या दुकानात जाऊन काढून आणले होते. पांढरा पडदा मागे, आणि कानांत मोत्याच्या कुड्या, ज्या ती लग्नकार्याशिवाय घालत नाही. मी लिफाफा होता तसा परत ठेवला आणि फाइल बंद केली. आधी मी गप्प होते. त्या दिवसापासून मी खोटं वागत होते.

मग म्हातारीची मेल आली. टॅबवर माझं मेल उघडंच असायचं, आणि आजीने सांगितलं तसं मोठीने इंग्रजीत टाइप करून तिला परस्पर लिहिलं होतं. आईचे गुडघे दुखतात, तिला जिना चढवत नाही, खाली एखादी खोली आहे का, म्हणून. उत्तर मोडक्यातोडक्या इंग्रजीत होतं. तळमजल्याची खोली रिकामी आहे, आईंसाठी ठेवते. रस्त्यावरून अंगणात उतरायला तीन पायऱ्या आहेत, पण काळजी नको, जावयाला सांगून धरायला कठडा बसवून घेते. शेवटी आईंना नमस्कार.

मला इतका राग आला की मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. राग कुणाचा, तर आईचा. मला न विचारता पत्रव्यवहार करतेच कशी? आणि त्या म्हातारीचा. मोठी आली कठडा बसवणारी! कोण कुठली बाई, पाच हजार मैलांवरून माझ्या आईच्या गुडघ्यांची काळजी वाहतेय. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच, पण बोंब मारणाऱ्याला स्वतःची बोंब खरीच वाटते. त्या रात्री सांगायचं असं ठरवलं. रात्री आईने थालीपीठ केलं होतं. उद्या सांगू म्हटलं. असे आठ दिवस गेले.

सांगितलं ते शेवटी दुसऱ्याच कुणीतरी. शनिवारी दुपारी मैत्रिणीकडे जेवण होतं, एप्रिलमध्ये जिच्याकडे मुलींना ठेवलं होतं तिच्याकडेच. प्रत्येकीने एकेक पदार्थ आणलेला, डेकवर खुर्च्या मांडलेल्या. मैत्रीण आईला आग्रहाने वाढत होती. वाढता वाढता म्हणाली, "काकू, तुमच्यामुळे किती बरं झालं हं. एप्रिलमध्ये व्हिसा काढला तेव्हापासून ही दोघं तुमच्याच भरवशावर आहेत. ती ग्रीसला निवांत जाऊन येतील, तुम्ही आणि मुली इकडे मज्जा करा. ग्रोसरी मी आणून देईन, काही टेन्शन घेऊ नका."

आईचा घास हातात होता. तो तिने तोंडात घातला, नीट चावून खाल्ला. मग म्हणाली, "हो तर. मीच म्हटलं, दोघं जाऊन या. मला कुठे आता चालवतंय." त्यानंतर तिने ताटातलं सगळं संपवलं आणि श्रीखंड छान झालंय म्हणून दुसऱ्यांदा मागून घेतलं. मी तिच्याकडे बघू शकले नाही.

परत येताना गाडीत मागच्या सीटवरून मोठी म्हणाली, "बट आजी, यू गॉट द शूज." नवऱ्याने एसी वाढवला.

घरी आल्यावर तो मुलींना घेऊन वर गेला. आई किचनमध्ये ओट्याला टेकून उभी राहिली. अजून पर्ससुद्धा खांद्यावरून काढली नव्हती.

"एप्रिलपासून?" तिने विचारलं.

"आई, ऐक. तुला इथून व्हिसा मिळतच नाही. व्हिजिटरला इथून अप्लाय करता येत नाही, तसा रूलच आहे. माझ्या हातात काही नव्हतं."

"मग कुठून करता येतं?"

मी फ्रीज उघडून पाण्याची बाटली काढली.

"विचारतेय मी. कुठून?"

"आपापल्या देशातून. तुला मुंबईला जावं लागलं असतं."

"म्हणजे मी होते तिथून," आई म्हणाली. "एप्रिलमध्ये मी बार्शीत होते. तू फोन केलास. चटणी आण म्हणालीस, पीठ आण म्हणालीस. कडक भाकरी मोडतील म्हणून मी त्या साड्यांच्या घडीत घालून आणल्या. अजून काही, म्हणून दोनदा विचारलं तुला. व्हिसा आण म्हणायला तुझी जीभ वळली नाही."

"तुला मी कधी म्हणाले का, की तू येतेयस? एकदा तरी म्हणाले?"

"घरच्या माणसाला काय अक्षत द्यायची असते का?" तिचा आवाज चढला. "आणि नाहीही म्हणाली नाहीस. दोन महिने माझ्याकडून नकाशे काढून घेतलेस. गाव शोधून घेतलंस. फोटो बघितलेस तू फाइलमधले. लिफाफा उलटा ठेवला होतास. मला वाटलं, तू कुठेतरी फॉर्म भरत असशील. तूच बघतेस ना कागदपत्रांचं."

इथे माफी मागायची होती. एवढं मला आत्ता दिसतं. तेव्हा मात्र मला फक्त हे दिसत होतं, की माझ्याच किचनमध्ये मला परत वर्गात उभं केलंय. आणि मी ओरडले. मी म्हटलं, "मला दहा दिवस कुणी नको होतं! कळतंय का तुला? मला मुली नकोत, ऑफिस नको, फोन नको. दहा दिवस माझ्याशी कुणी बोलू नये, एवढंच हवं होतं मला. आणि तू तर नकोच होतीस. तू बरोबर असतीस तर खिडकी कुठल्या दिशेला आहे इथपासून मला ऐकून घ्यावं लागलं असतं!"

आईने पर्स खांद्यावरून काढली आणि ओट्यावर ठेवली.

"तेव्हाही पोरीच मोजल्या," ती म्हणाली. "आताही पोरीच मोजायच्या."

एवढं बोलून ती तिच्या खोलीत गेली. मी तिच्यामागे गेले नाही. मी तिथेच उभी राहून तिने धुऊन ठेवलेली भांडी पुन्हा मशीनला लावली आणि मशीन चालू केलं, मुद्दाम.

पुढचे दहा-बारा दिवस घरात माणसं कमी आणि भांड्यांचे आवाज जास्त होते. आई सगळं करत होती. मुलींच्या वेण्या, समर कॅम्पचे डबे, भाजी. माझ्याशी कामापुरतं. "मीठ संपलंय." "धाकटीला खोकला आहे." नवरा एकदा धीर करून म्हणाला, "कॅन्सल करू या का?" आयुष्यात पहिल्यांदा त्याने एक गोष्ट स्वतःहून सुचवली आणि मी त्याच्या अंगावर धावून गेले. आई शेजारच्या खोलीत होती. बाहेर येऊन म्हणाली, "कॅन्सल वगैरे काही करायचं नाही. मी कुणाच्या वाटेत आडवी येत नाही." मला तिने तेव्हा चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. भांडण संपवायची तिची पद्धत अशी, की समोरच्याला जे हवं ते देऊन टाकायचं आणि मग त्याला ते गिळू द्यायचं नाही. ही पद्धत मीही तिच्याकडूनच शिकले आहे, त्यामुळे मला ती ओळखता येते.

निघायच्या आदल्या दिवशी तिने फाइल माझ्या हातात दिली. सगळं क्रमाने लावलेलं होतं. तिकिटं, बोटीची वेळ, बसची वेळ, बस चुकली तर काय. लिफाफा काढून टाकलेला होता. बूट कुठे गेले ते मी विचारलं नाही.

म्हातारीला तेवढं कळवायचं राहिलं. खोली नको, आई येत नाहीये. दोन ओळींची मेल. ती मी चार वेळा लिहायला घेतली आणि चारही वेळा मला ऑफिसचं काहीतरी तातडीचं निघालं.

आम्ही गेलो. विमान, दुसरं विमान, बोट, आणि बस चुकली म्हणून टॅक्सी. बस चुकली तर काय, हे फाइलमध्ये होतंच. संध्याकाळी उतरलो तर डोंगराच्या माथ्यावर झाडं वाऱ्याने वाकलेली दिसत होती आणि खाली गावात पान हलत नव्हतं. पाणी आईने सांगितलं होतं तसं शांत होतं. म्हातारी रस्त्यापाशीच उभी होती. काळे कपडे, हातात किल्ल्या. तिने आम्हाला हसून काहीतरी म्हटलं, मग टॅक्सीच्या काचेशी वाकून आत बघितलं. मागची सीट, पुढची सीट. मग माझ्याकडे बघितलं.

"मदर?" ती म्हणाली.

"आजारी आहे," मी म्हटलं. "सिक."

तिने छातीवर हात ठेवला आणि तिच्या भाषेत पुष्कळ काही बोलली. मग माझा दंड धरून मला तीन पायऱ्या उतरवल्या. कठडा बसवलेला होता. पांढरा रंग इतका ताजा होता की माझ्या तळव्याला थोडा लागला. तिने तळमजल्याची खोली उघडूनसुद्धा दाखवली. कशाला, ते तिलाच माहीत. बुटका पलंग, वर दुमडून ठेवलेली चादर, आणि खिडकीशी एक हातांची खुर्ची, समुद्राकडे तोंड करून ठेवलेली. मी "छान आहे" म्हटलं आणि आम्ही वरच्या खोलीत सामान नेलं.

रोज संध्याकाळी मी घरी फोन लावायची. तिकडे दुपार असायची. मोठी उचलायची, किंवा धाकटी.

"आजीला दे."

"आजी सेज शी इज बिझी."

"काय करतेय ती?"

"वी आर ॲट द पूल. शी इज काउंटिंग अस," धाकटी म्हणाली. "वन, टू. वन, टू. ऑल द टाइम."

"तिला म्हणावं, आई विचारतेय, बरी आहेस ना."

पलीकडे तिने आजीला विचारलेलं मला ऐकू आलं. मग आईचा आवाज, लांबून, पाण्याच्या आणि मुलांच्या गलक्यातून: "जेवल्या म्हणावं मुली." धाकटीने ते मला इंग्रजीत सांगितलं आणि फोन ठेवला.

गाव खरंच शांत होतं. फोनला रेंज फक्त अंगणात यायची, ऑफिसला मी मिळत नव्हते. नवरा पुस्तक वाचायचा, मला काही विचारायचा नाही. त्याची हिंमत नव्हती. म्हातारी सकाळी अंजीर आणून ठेवायची आणि आवाज न करता निघून जायची. दहा दिवस माझ्याशी कुणीही बोललं नाही. आईसुद्धा नाही.